डब्यावर काय नाव लिहायचं?

कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या त्या बोळात मार्च उजाडला की माणसं शिंकतच शिरतात. मिरची कुटायच्या कांडपाच्या दारात तर बोलणंही दोन शिंकांच्या मधल्या जागेत उरकावं लागतं. आत लोखंडी मुसळं आळीपाळीनं वर जायची आणि खाली आदळायची. त्या दणक्यानं पुढच्या खोलीतल्या टेबलावरचा पेन आपोआप सरकत कडेला यायचा. दारात बायकांची रांग असायची. प्रत्येकीपुढं आपापली पाटी, पाटीत वर्षाच्या चटणीचा ऐवज: वाळवलेली मिरची, भाजलेलं खोबरं, तीळ, धणे, दगडफूल, परतलेला कांदा-लसूण.

एकीचा घाणा कुटून झाला की उदयसिंह दारात उभा राहून बोळभर आवाज द्यायचा, "वडणग्याच्या चौगुल्यांची झाली!" मग चौगुल्यांची बाई डबा घेऊन पुढं व्हायची. या हाकेइतकीच जुनी आणखी एक रीत त्या दारात होती. एकीची पाटी उखळात ओतताना रांगेतली पुढची बाई तोंड फिरवायची. कुणी सांगायला लागत नसे. कुणाच्या घरात किती लवंगी मिरची पडते आणि किती ब्याडगी, खोबरं हात राखून की सढळ, हे ज्या त्या घराचं असतं. बघायचं नाही.

प्रीतीला ही रीत पहिल्या आठवड्यात दिसली होती, पण तेव्हा तिनं ती नुसती लक्षात ठेवली. उचगावची प्रीती संख्याशास्त्रात एम.एस्सी. झाली होती. बरोबरीच्या मुली पुण्याच्या कंपन्यांत गेल्या आणि ही मिरचीच्या धुरळ्यात संगणक पुसत बसली, याचं तिच्या घरी अजून नवल होतं. पण इथं कांडपाच्या मालकीण संयोगितावहिनींनी तिला एक कोरी वेबसाईट दिली होती आणि म्हटलं होतं, "ही तुझी. चालीव."

वेबसाईटची कल्पना वहिनींची. त्यांची नणंद मस्कतला. दरवर्षी तिचा फोन यायचा, "वहिनी, दुकानातली नको. आईच्या मापाची पाठव." एक वर्ष वहिनींच्या डोक्यात आलं, अशा गाव सुटलेल्या किती जणी असतील? त्यांनी आपलं माप लिहून पाठवावं, आपण माल आणावा, कांडपावरच्या अंबूबाईनं भाजावा, यंत्रावर कुटावा आणि डबा त्यांच्या दारात पोचवावा. तयार चटणी विकणारे गल्लोगल्ली होते. ज्याच्या त्याच्या मापाची चटणी कुणीच पाठवत नव्हतं.

उदयसिंह हा वहिनींचा दीर. कांडपात त्याचा निम्मा वाटा होता आणि पुढच्या खोलीवर त्याचा डोळा. तिथं संगणक, टेबल आणि डबे भरायची फळी सोडली तर काही नव्हतं.

"अखितीपातुर बघतो मी," त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं होतं. "तवर ह्या वेबसाईटीनं डबं हालीवलं तर ठीक. न्हायतर खोली भाड्यानं बॅटरीवाल्याला दिली म्हणून समजा. त्यो रोज फोन करालाय."

अक्षय तृतीया काही फार लांब नव्हती. आणि डबे हलत नव्हते. हंगाम सुरू झाल्यापासून आलेल्या ऑर्डरी एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, त्यातल्या दोन नणंदेच्या.

गंमत अशी की माणसं येत होती. मुसळांचा एक व्हिडिओ प्रीतीनं मोबाइलवर काढला होता, तो कुठल्या कुठं फिरला. वेबसाईटवर रोज शेकड्यांनी लोक येऊ लागले. येत होते आणि निघून जात होते.

"काय म्याडम," उदयसिंह दारातनं डोकावायचा, "काल कोण कोण आलतं?"

"चारशेच्या वर लोक आलते, दादा."

"आलते? मला तर एक बी दिसलं न्हाय. चा-पानी तरी इचारायचं!"

लोक का जातात हे कळायला ते येऊन काय करतात ते कळायला हवं होतं. त्यासाठीची साधनं असतात. प्रीतीनं तीन निवडली आणि प्रत्येकाची थोडे दिवस परीक्षा घ्यायची ठरवलं. तिच्या सवयीप्रमाणं एक तक्ता केला: काय दाखवतं, काय दाखवत नाही, माहिती कुठं साठवतं, जुन्या मोबाइलवर वेबसाईट किती जड करतं.

वहिनींनी तक्ता बघितला. "एवढं तर मी जावई बघताना बी बघणार न्हाय," त्या म्हणाल्या. कोल्हापुरी बायकांच्या रीतीप्रमाणं त्या स्वतःला ‘मी येतो, मी बघतो’ असंच म्हणत. "पर बघ तू. नीट बघ."

पहिलं साधन सगळं जग वापरतं ते. त्यानं नकाशा दाखवला. एका सकाळी वहिनींनी चहाचा कप हातात घेऊन तो पाहिला आणि चहा तसाच राहिला. पुणे, बेळगाव, नांदेड, सुरत. मग समुद्र ओलांडून मस्कत, दुबई. मग आणखी एक समुद्र ओलांडून टोरांटो. जिथं जिथं कुणीतरी या क्षणी वेबसाईट उघडून बसलं होतं तिथं एक निळा ठिपका उमटत होता, थोडा वेळ राहत होता आणि विझत होता.

"ही समदी आत्ता हायत? आत्ता?"

"आत्ता, वहिनी."

"टोरांटोत आत्ता काय वाजलं असंल गं?"

"रात्र आहे तिथं."

वहिनींनी त्या ठिपक्याकडं बघत मान हलवली. "झोप येईना असंल तिला," त्या म्हणाल्या.

ती बाईच आहे असं साधनानं कुठं म्हटलं नव्हतं. प्रीतीनं तसं सांगितलं नाही.

उदयसिंहानंही नकाशा बघितला. "ठिपकं झॅक हायत," तो म्हणाला. "पर ठिपकं चटणी खात न्हाईत की."

त्या साधनानं आणखी एक गोष्ट दाखवली आणि प्रीती तिथं अडकली. माप लिहायच्या पानावर लोक सरासरी चार मिनिटांहून जास्त थांबत होते. इंटरनेटवर माणूस एवढा थांबत नाही. आवडलं नाही की बोट उचलतो. हे लोक थांबत होते आणि तरी ऑर्डर न देता जात होते. सरासरीच्या पोटात काय काय दडतं हे तिला शिकून माहीत होतं. पण आत बघायची सोय पहिल्या साधनात नव्हती.

ती दुसऱ्यात होती. दुसरं साधन वेबसाईटवर आलेल्या प्रत्येकाची फिल्म करतं. माणसाची नव्हे, त्याच्या बोटाची. मोबाइलच्या पडद्यावर बोट जिथं टेकलं तिथं एक गोल ठिपका येतो; पान वर सरकवलं, खाली ओढलं, काही लिहिलं, खोडलं, सगळं तसंच्या तसं पुन्हा बघता येतं. प्रीतीनं वेबसाईटच्या तळाशी तशी सूचना लावली, नाव, पत्ता आणि फोन नंबर चांदण्यांच्या खुणांनी झाकले जातील अशी व्यवस्था केली आणि ते सुरू केलं.

दुपारी कांडप थोडा वेळ थांबतं. बायका दारातच भाकरी सोडून बसतात. मुसळं गप्प झाली की कानात पोकळी तयार होते. अशा एका दुपारी तिनं पहिली फिल्म लावली.

गाव नांदेड. पांढरं पान, त्यावर मापाचे रकाने एकाखाली एक. ठिपका आला. ब्याडगीच्या रकान्यात आकडा उमटला, खोडला गेला, दुसरा उमटला. संकेश्वरीच्या रकान्यात एक आकडा. मग लवंगीपाशी ठिपका थांबला. काहीच हलेना. प्रीतीला वाटलं फिल्म अडकली. घड्याळ मात्र पुढं जात होतं. दोन मिनिटं पडद्यावर काही म्हणजे काही झालं नाही. आणि एकाएकी लवंगी, खोबरं, तीळ, धणे, खसखस, मीठ, सगळे रकाने धडाधड भरले, एकही खाडाखोड न करता.

मधल्या दोन मिनिटांत फोन झाला होता. दुसरं काय असणार? कुणीतरी कुणालातरी विचारलं होतं, आणि पलीकडून मापं तोंडपाठ सांगितली गेली होती. याला पुरावा नाही हे प्रीतीनं स्वतःला बजावलं. तरी तिनं फिल्म मागं नेऊन ती दोन मिनिटं पुन्हा बघितली.

अकरावीत जीवशास्त्राच्या बाईंनी रंकाळा तलावाच्या पाण्याचा थेंब काचेवर ठेवला होता. भिंगातून बघेपर्यंत ते नुसतं पाणी होतं. मग बघितलं तर आत गर्दी. कुणी फिरतंय, कुणी कशाला तरी धडकून मागं येतंय, कुणी एका जागी थरथरतंय. त्या दिवशी ती घरी जाताना रंकाळ्यावरून गेली आणि एवढ्या मोठ्या पाण्याकडं बघून तिला चक्कर आल्यासारखं झालं होतं. आज तसंच झालं. चार मिनिटं हा आकडा फुटला होता आणि आत माणसं होती.

मस्कतच्या एका ठिपक्यानं सगळं माप आधी दुप्पट लिहिलं आणि मग एकेक करून निम्मं केलं. पाहुणे येणार होते आणि रद्द झाले असतील. किंवा कुणी घर सोडून गेलं असेल. सुरतच्या एकानं तिखट कमी केलं, पुन्हा वाढवलं, पुन्हा कमी केलं. घरात दोन मतं असावीत. टोरांटोच्या ठिपक्यानं सगळे रकाने भरले आणि लसणापाशी आला. आकडा लिहिला. खोडला. दुसरा लिहिला. खोडला. कितीतरी वेळा. मग लसणाचा रकाना रिकामा ठेवून ठिपका तिथंच बसून राहिला. हिला फोन करायला कुणी उरलं नाही, असं प्रीतीला वाटलं. तिनं फिल्म थांबवली. ती उठून पाणी प्याली आणि येऊन तिनं फिल्म पुढं सोडली.

मग तिला ते दिसलं. सगळ्या फिल्म शेवटी एकाच जागी येत होत्या. मापं संपली की नाव, गाव, आणि त्याखाली वहिनींनी आग्रहानं घालायला लावलेला एक रकाना होता: ‘कुणाच्यातल्या?’ म्हणजे कुठल्या घराण्यातल्या. तो रकाना भरल्याशिवाय पुढं जाता येत नसे. त्याच्या डोक्यावर लाल खूण होती आणि ती प्रीतीनंच लावली होती.

त्या रकान्यापाशी ठिपके थांबत होते. पान थोडं वर जायचं, थोडं खाली यायचं, जसा माणूस दारात उभा राहून एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकतो तसं. काही लिहिलं जायचं, खोडलं जायचं. मग पान बंद. नांदेड, सुरत, मस्कत, टोरांटो. एकमेकांना कधी न बघितलेली, एकमेकांची भाषाही कदाचित वेगळ्या वळणाची झालेली माणसं, जगाच्या चार कोपऱ्यांतून येऊन एकाच उंबऱ्याशी थबकत होती आणि मागं फिरत होती. प्रीतीनं एकामागून एक फिल्म लावल्या. खोलीत कुणीच नव्हतं, तरी दारात गर्दी झाल्यासारखं वाटत होतं.

आणि ते थबकणं तिच्या ओळखीचं होतं.

"वहिनी," तिनं हाक मारली, "जरा येता?"

वहिनी भाकरीचा हात झाडत आल्या. नांदेडची फिल्म लावली तशा त्या खुर्ची ओढून पुढं झाल्या. "ही तिची बोटं? आगं बघ की, बिचकाली! आता आईला फोन लावला बघ हिनं. लावला ना? मी सांगतो तुला, आईच हाय पलीकडं." त्या हसत होत्या, डोळे लकाकत होते. "आता कसं पटापटा... आगं आगं आगं! झाक ते!"

आणि त्यांनी तळहात सरळ पडद्यावर दाबला. चटणीचा लाल पंजा काचेवर उमटला.

"काय झालं?"

"तिची लवंगी दिसाली की! खोबरं दिसालंय! बंद कर आदी."

"नाव झाकलंय मी, वहिनी. पत्ता, फोन, सगळं झाकलंय. नुसते आकडे आहेत."

"नाव तर आमी बोळातनं वरडतो! माप कोण वरडतं काय?"

साधन वापरायच्या सगळ्या सूचना प्रीतीनं वाचल्या होत्या. नाव झाका, पत्ता झाका, फोन झाका. आकड्यांना कुणी झाकायला सांगितलं नव्हतं, कारण जगात दुसरीकडं कुठं खोबऱ्याचं वजन हे घराचं गुपित नसतं. रांगेतल्या बायका तोंड फिरवताना तिनं रोज पाहिल्या होत्या, आणि इथं बसून ती अर्ध्या जगाच्या पाट्यांत वाकून बघत होती. तिनं ताबडतोब आकडेही झाकले. पडद्यावर सगळीकडं चांदण्या झाल्या.

"आता बघा," ती म्हणाली. "आता काही दिसत नाही. फक्त शेवट बघा."

वहिनींनी बोटांच्या फटीतून बघितलं. मग हात काढला. एक ठिपका त्या रकान्याशी आला, थांबला, गेला. दुसरा. तिसरा.

"का थांबाल्यात?"

"ते ह्याला माहीत नाही. कुठं थांबतात तेवढं दिसतं."

"तुला म्हाईत हाय?"

"एकीचं माहीत आहे."

"कुणाचं?"

"माझं."

वहिनी तिच्याकडं वळल्या.

"पहिल्या दिवशी मी कामाचं विचारायला आले," प्रीती म्हणाली, "तेव्हा तुम्ही दारातच विचारलंत, कुणाच्यातली गं तू? मी थांबले होते. तुम्हाला आठवत नसेल, दोन क्षणच थांबले. तेवढ्यात मनात येऊन गेलं, वडिलांचं नाव सांगावं, की नुसतं उचगाव म्हणावं, की सरळ आम्ही बौद्ध म्हणून सांगून टाकावं. आणि मग तुमच्या तोंडाकडं बघावं."

"मग?"

"सरळ सांगितलं. आणि तोंडाकडं बघितलं."

"काय हुतं माझ्या तोंडावर?" वहिनींचा आवाज बारीक झाला होता.

"काही कळलंच नाही. तुम्हाला शिंक आली."

वहिनींना हसू आलं, पण ते पूर्ण झालं नाही. "मी त्यासाठी न्हवतं गं इचारलं."

"माहीत आहे, वहिनी. तुम्ही त्यानंतर चहा दिलात आणि दुपारी माझ्या डब्यातलं भरीत संपवलंत. पण थांबावं लागलंच ना मला. तुमच्यासमोर तोंड तरी होतं बघायला. ह्यांच्यासमोर नुसता रकाना आहे."

मागं भाजायच्या चुलीपाशी अंबूबाई भाकरी खात बसली होती. ती कांडपावरची सगळ्यात जुनी भाजणारी. ती तिथनंच म्हणाली, "समदी काय त्याच्यासाठनं थांबत न्हाईत. मला इचारलं तर मी बी थांबणार. सासरचं नाव सांगू का म्हायेरचं? सासरनं घालीवलं, म्हायेरात जागा न्हाई. आन् चटणी तर माझी हाय."

पडद्यावर आणखी एक ठिपका त्या रकान्याशी येऊन उभा होता.

"पर मग हाक कशी मारायची?" वहिनींनी विचारलं. त्या खरंच विचारत होत्या. "डबा झाला की कुणाचा म्हणून सांगायचं?"

चौगुल्यांची, पाटलांची, ही हाक त्या बोळाची होती. ती मोडावी असं प्रीतीच्याही मनात नव्हतं. "त्यांनाच विचारू," ती शेवटी म्हणाली. "एवढंच विचारू, डब्यावर काय नाव लिहायचं? काय वाटेल ते लिहू देत. नाही लिहिलं तरी चालेल म्हणून सांगू."

"आन् ह्यो शिनेमा?" वहिनींनी पडद्याकडं हनुवटी केली.

हे सोपं नव्हतं. प्रीती त्या दुपारी बराच वेळ तक्ता पुढं घेऊन बसली. दुसऱ्या साधनाइतकं कुणीच दाखवत नव्हतं. ते नसतं तर तो उंबरा तिला कधीच दिसला नसता, आणि त्या दोन मिनिटांतला फोनही. आता सगळे रकाने झाकून ते ठेवता आलं असतं. पण चांदण्यांच्या आडूनही बोटाचं बिचकणं दिसणारच होतं, लसणापाशी बसून राहणं दिसणारच होतं. तिनं तक्त्यात आणखी एक रकाना आखला. त्यावर लिहिलं: ‘पाटीत बघतं का?’

पहिल्या साधनापुढं तिनं लिहिलं, थोडं. दुसऱ्यापुढं, हो. तिसरं एक अगदी लहान साधन होतं. कोण आलं, काल आलेलंच आज पुन्हा आलं की नवीन, हे त्याला कळत नसे आणि ते कळून घेतही नसे. कोणतं पान किती जणांनी उघडलं आणि किती जण शेवटपर्यंत गेले, एवढ्याच्या आलेखातल्या उभ्या काड्या ते ओढायचं. त्याच्यापुढं तिनं लिहिलं, नाही.

मग तिनं ते तिसरंच साधन ठेवलं आणि दुसऱ्यातल्या सगळ्या फिल्म पुसल्या. टोरांटोवर बोट थोडं अडलं. तीही पुसली. भिंगाखालची काच काढून थेंब परत तलावात सोडल्यासारखं वाटलं.

उदयसिंहाला कळलं तेव्हा तो हसत सुटला. "म्हंजे आदीचा पहारेकरी बघत हुता त्यो काढला, आन् आंधळा ठेवला?"

"आंधळा न्हाय, भावजी," वहिनी म्हणाल्या. "त्वांड फिरवणारा हाय. आपल्या रांगेतल्यागत."

पहिले काही दिवस काहीच झालं नाही. प्रीती रोज सकाळी त्या काड्या बघायची. शेवटची, ऑर्डर देणाऱ्यांची काडी आगपेटीतल्यासारखी आखूड. उदयसिंह एके दिवशी बॅटरीवाल्याला घेऊनच आला. तो टेप धरून खोलीच्या भिंती मोजू लागला आणि प्रीतीला खुर्ची उचलून बाजूला व्हावं लागलं. "पावणं, तेवढा संगणक हालला की जागाच जागा हाय," उदयसिंह त्याला म्हणाला. वहिनी आतून बघत होत्या. त्या दिवशी त्या कुणाच्यातरी घाण्यात मीठ घालायचंच विसरल्या आणि रांगेतल्या बायकांनी त्यांना धारेवर धरलं.

मग एका सकाळी शेवटची काडी जरा उंच दिसली. दुसऱ्या दिवशी आणखी उंच. प्रीतीनं आधी साधनच तपासलं. काही बिघडलं नसेल ना? बिघडलं नव्हतं. ऑर्डरी येत होत्या. कशानं, हे ठामपणे सांगता येणार नाही, असं ती वहिनींना म्हणाली. रकाना काढला, नवा प्रश्न घातला, त्यात हंगामही ऐन भरात आलेला. तीन गोष्टी एकदम बदलल्या की कोणतीनं काय केलं हे वेगळं काढता येत नाही.

"तू वेगळं काढत बस," वहिनी म्हणाल्या, "आमी कुटाय लागतो."

मापाची चिठ्ठी सरळ अंबूबाईकडं जायची, घडी घालून. नावाची चिठ्ठी प्रीतीकडं. ती डब्यावर काळ्या पेननं लिहायची, आणि लिहिताना प्रत्येक वेळी हात थोडा थांबायचा.

‘आक्काची.’

‘थोरल्या जाऊबाईंनी शिकवलेली.’

‘आमच्या दोघांची.’

‘सासूबाईंची, पण तिखट माझं.’

‘कुणाची नाही. नवीन आहे.’

काहींनी मोकळंच सोडलं होतं. ते डबे तसेच मोकळे ठेवले. माणसांनी हे कुणाच्याही सांगण्यावरून लिहिलं नव्हतं. एक कोरी जागा समोर आली आणि इतक्या लांबून, इतक्या वेगवेगळ्या घरांतून, हे आलं. एवढी वर्षं आडनावाच्या आड हे सगळं उभं होतं? चौगुल्यांची झाली म्हणून हाक जायची तेव्हा त्या एका शब्दात कोण कोण बसलेलं असायचं? प्रीतीनं दाराबाहेरच्या रांगेकडं बघितलं. तिथंही पाट्याच पाट्या होत्या.

हाक मारायचं काम उदयसिंहाचं. हे डबे न्यायला दारात कुणी येणार नव्हतं, कुरिअरचा माणूस संध्याकाळी सगळे एकदम उचलायचा. पण घाणा झाला की ओरडायची उदयसिंहाच्या गळ्याला सवय. पहिला डबा हातात आला तसं त्यानं बघितलं न बघितलं आणि दारात जाऊन आवाज दिला, "आक्काची झाली!"

रांगेतल्या तीन-चार बायकांनी एकदम मान वर केली.

"कुठल्या आक्काची?" एकीनं विचारलं.

उदयसिंहानं डबा फिरवून बघितला. "नुसतंच आक्का हाय," तो म्हणाला आणि जरा गोंधळून आत आला. पुढच्या डब्यावरचं त्यानं आधी मनात वाचलं. मग ओरडला. दिवसभर ओरडत राहिला. थट्टा मात्र त्यानं एकदाही केली नाही.

अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी बॅटरीवाला पुन्हा आला. पुढच्या खोलीत फळीवर डबे होते, टेबलावर डबे होते, प्रीतीच्या पायाशी डबे होते. ती गुडघे वर घेऊन बसली होती. उदयसिंह दोन्ही हातांत चार डबे धरून मधे उभा.

"मग? चावी कधी देणार?" बॅटरीवाल्यानं विचारलं.

"कसली चावी, पावणं? पाय ठेवाय जागा दिसती काय तुमास्नी?" उदयसिंह म्हणाला. "सरका जरा, डबं बाहेर काढू द्या."

तेवढ्यात आतून अंबूबाईची हाक आली, "वैनी, इकडं या की जरा. एकीनं समदं लिवलंय आन् लसणाचं मापच घातलं न्हाय. खाली लिवलंय, लसूण तुमच्या अंदाजानं घाला म्हणून."

प्रीतीच्या हातातला पेन थांबला. ही तीच असेल? तिच्या छोट्या साधनाला विचारून उपयोग नव्हता. त्याला ते माहीत नव्हतं. पत्ता बघितला असता तर गाव कळलं असतं. पत्त्याची चिठ्ठी तिच्या कोपरापाशीच पडली होती. तिनं ती पालथी घातली. आतमध्ये वहिनी आणि अंबूबाई लसणाच्या पाकळ्या मुठीत घेऊन हळू आवाजात काहीतरी ठरवत होत्या. लसूण परतल्याचा वास आला. मग मुसळं सुरू झाली.

घाणा होईपर्यंत प्रीतीनं नावाची चिठ्ठी उघडली नव्हती. आता उघडली, आणि लिहिलं होतं ते डब्यावर नीट, ठळक अक्षरात उतरवलं. उदयसिंहानं डबा घेतला, मनात वाचला, आणि दारात जाऊन उभा राहिला.

"जमंल तशी आईची," तो ओरडला, "झाली!"

बोळातल्या सगळ्या बायकांनी मान वर केली.